नैराश्याचा आजार आणि कारणांचा घोळ

घरातले एखादे माणूस महिना-दीड महिना गप्प राहू लागले, जेवणावरची त्याची वासना उडाली, पहाटे तीन-चारलाच ते अंथरुणात उठून बसू लागले, की आपल्याकडे दोन वाक्यांपैकी एक हमखास ऐकू येते. त्या माणसाची नोकरी कायम असेल, मुले मार्गाला लागली असतील, घरात भांडणतंटा नसेल, तर म्हटले जाते, ‘याला कमी काय आहे? सुख बोचते आहे, दुसरे काय!’ उलट त्याच्यावर एखादा खरा आघात झालेला असेल, पत्नी वारली असेल, कारखाना बंद पडला असेल, मुलीचे लग्न मोडले असेल, तर म्हटले जाते, ‘प्रसंगच तसा आला आहे. वाईट वाटणारच. काळ जाऊ द्यावा.’ पहिल्या वाक्यात कुत्सितपणा आहे आणि दुसऱ्यात माया आहे. परिणाम मात्र दोहोंचा एकच होतो : माणूस डॉक्टरकडे जात नाही. पहिल्या घरात दुःखाला कारण नाही म्हणून ते खोटे ठरते; दुसऱ्या घरात दुःखाला कारण आहे म्हणून तो आजार नव्हे असे ठरते. नैराश्याच्या आजाराविषयी आपल्या सुशिक्षित समाजात जे गैरसमज आहेत त्यांतला सर्वांत घातक गैरसमज हाच आहे. लक्षणे पाहण्यापूर्वीच आपण कारण विचारतो, आणि कारणाचा निकाल लागला की लक्षणांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही.

शब्दांनीही येथे गोंधळात भर घातली आहे. ‘नैराश्य’ या शब्दात आशाभंग गृहीत धरलेला आहे. म्हणजे काहीतरी मिळावे अशी इच्छा होती आणि ते मिळाले नाही. ‘औदासीन्य’ या शब्दाला तर आपल्या तत्त्वचिंतनाच्या परंपरेत मानाचे स्थान आहे. सुखदुःखांच्या वर बसलेल्या पुरुषाचे ते लक्षण मानले गेले. आणि इंग्रजीतून आलेला ‘डिप्रेशन’ हा शब्द आता इतका स्वस्त झाला आहे की लोकल चुकली तरी कॉलेजातली मुले तो वापरतात. ज्याला खरोखरच आजार झाला आहे त्याने तोच शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याला लोकल चुकल्याचीच आठवण होते. प्रस्तुत लेखात ‘नैराश्य’ हाच शब्द वापरला आहे, कारण तो रूढ झाला आहे. पण त्यातली आशाभंगाची छटा वाचकाने क्षणभर बाजूला ठेवावी.

मग हा आजार ओळखावा कसा? वैद्यकशास्त्राने यासाठी ठेवलेली मोजपट्टी बरीचशी सरळ आहे. दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, निदान दोन आठवडे, मन खिन्न राहणे किंवा कशातही रस न वाटणे, या दोहोंपैकी एक गोष्ट असली पाहिजे. त्या जोडीला झोप, भूक, वजन, शक्ती, एकाग्रता आणि हालचालींचा वेग यांत बदल होतो. आपण निरुपयोगी आहोत, अपराधी आहोत असे वाटू लागते. मरणाचे विचार येतात. अशी एकूण नऊ लक्षणे धरली आहेत आणि त्यांपैकी किमान पाच एकत्र दिसावीत, त्यांनी नित्याचे जगणे बिघडवलेले असावे, अशी अपेक्षा आहे. हे वाचून कोणी घरच्या घरी बेरीज करीत बसू नये. निदान करणे हे डॉक्टरचे काम आहे. शंका येणे हे मात्र भोवतालच्या माणसांचे काम आहे, आणि ते काम आपण नीट करीत नाही.

यांतले ‘रस न वाटणे’ हे लक्षण सर्वांत अधिक दुर्लक्षिले जाते, कारण त्यात रडणे नसते. वर्तमानपत्र मथळ्यापासून निविदांपर्यंत वाचणारा गृहस्थ ते घडी न मोडता बाजूला ठेवू लागतो. दरवर्षी हौसेने लोणचे घालणारी बाई कैऱ्यांचा हंगाम संपला तरी बाजारात जात नाही आणि विचारले तर ‘यंदा नको’ एवढेच म्हणते. नातवंड मांडीवर येऊन बसले तरी आतून काही हलत नाही, आणि हलत नाही याचीच त्या आजोबांना लाज वाटते. अशा माणसाला ‘तुम्ही दुःखी आहात का?’ असे विचारले तर तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. त्याला दुःखही धड होत नाही, ही त्याची खरी तक्रार आहे. पण ती सांगायला त्याच्यापाशी शब्द नसतात.

कचेरीत हा आजार कामचुकारपणाच्या वेषात येतो. ज्या कारकुनाने वीस वर्षे रकान्यांच्या बेरजा तोंडी केल्या तो एकच बेरीज तीनदा करतो आणि तिन्ही वेळा त्याचा स्वतःवर विश्वास बसत नाही. फाइल पुढे पाठवावी की परत करावी, एवढा निर्णयही त्याला डोंगरासारखा वाटतो. टेबलावर ढीग साचतो, साहेब मेमो देतात, आणि आपण नालायक आहोत हा जो विचार आजाराने त्याच्या मनात पेरला त्याला मेमोच्या रूपाने सरकारी शिक्कामोर्तब मिळते. शाळेत शिक्षकाच्या कपाटात तपासायच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे दोरीही न सोडता पडून राहतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर घोटाळा आणखी मोठा होतो. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा उदास चेहऱ्याने न येता चिडखोरपणाने येते. उलट उत्तरे देणारा, सारखा डोके दुखते म्हणून घरी जाणारा, आठवीपर्यंत बरा असून नववीत अचानक घसरलेला मुलगा वर्गशिक्षकाच्या वहीत ‘आगाऊ’ आणि ‘आळशी’ या दोन विशेषणांनी नोंदला जातो. प्रत्येक आगाऊ मुलगा आजारी असतो असे अर्थातच नाही. पण ‘अचानक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वभाव अचानक बदलत नाही. बदलला तर तो स्वभाव नव्हे.

आणखी एक लक्षण आहे, ज्याच्यामुळे रुग्णावर ढोंगाचा आरोप हटकून येतो. तीव्र नैराश्यात बहुधा सकाळ सर्वांत वाईट जाते. पहाटे लवकर जाग येते, उठवत नाही, तोंड धुणेही जड जाते. संध्याकाळकडे मात्र मन थोडे हलके होते आणि माणूस चहा घेताना चार शब्दही बोलतो. घरची मंडळी ही संध्याकाळ पाहतात आणि सकाळी त्याने कामावर न जाण्यासाठी नाटक केले असा निष्कर्ष काढतात. वास्तविक दिवसातला हा चढउतारच डॉक्टरच्या दृष्टीने निदानाचा एक धागा असतो.

आपल्याकडे हा आजार मनाच्या तक्रारींनी कमी आणि शरीराच्या तक्रारींनी अधिक बोलतो, हीही एक अडचण आहे. हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटते, डोके जड होते, छातीत धडधडते, अंगात कणकण आहे असे वाटते पण तापमापकात ताप दिसत नाही, अन्न गोड लागत नाही. या तक्रारी घेऊन माणूस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. तेथे त्याला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मिळतात, कधी ताकदीचे इंजेक्शन, कधी सलाइनची बाटली, आणि रक्त तपासले की ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, काळजीचे कारण नाही’ असा दिलासा. रक्त तपासू नये असे नाही. उलट तपासलेच पाहिजे. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतूनही असाच थकवा आणि अशीच खिन्नता येते. पक्षाघातानंतर, मधुमेहात, काही औषधांनी आणि दारूनेही येते. पण रिपोर्ट नॉर्मल निघाला की पुढचा प्रश्न ‘झोप कशी लागते? मन कशात रमते का?’ हा असला पाहिजे, आणि बहुतेक वेळा चौकशी तेथेच थांबते. बंगळूरच्या ‘निमहान्स’ संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे आढळले की दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार होतो, आणि नैराश्य व चिंताविकार यांसारख्या सामान्य मानसिक विकारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नाहीत. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपले चित्र याहून फार निराळे असेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

आता कारणांविषयी. मेंदूतल्या एका रसायनाची कमतरता झाली की नैराश्य येते, असे सुटसुटीत उत्तर गेली काही दशके लोकप्रिय आहे. या उत्तराचा इतिहास मनोरंजक आहे आणि त्याचे एक टोक मुंबईत आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावरचा गुण १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. पुढे तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य रक्तदाबासाठी सर्वत्र दिले जाऊ लागले, तेव्हा ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात अशा नोंदी येऊ लागल्या. त्याच सुमारास न्यूयॉर्कमधील क्षयरोग्यांना दिलेल्या एका नव्या औषधाने ते भलतेच उल्हसित झाल्याचे दिसले. पहिले द्रव्य मेंदूतील काही रसायने कमी करते, दुसरे वाढवते. तेव्हा नैराश्य म्हणजे त्या रसायनांचा तुटवडा, असे अनुमान १९६५ पर्यंत सिद्धान्ताच्या पदवीला पोचले. पुढच्या संशोधनाने मात्र त्याला पुरेसा आधार दिला नाही. रेसर्पिनमुळे नैराश्य येते या मूळ निरीक्षणावरच शंका घेतली गेली, आणि सेरोटोनिन या रसायनासंबंधीच्या संशोधनाचा जो मोठा आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला त्यात तुटवड्याचा सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही.

यावरून काही जणांनी घाईने असा अर्थ काढला की मग औषधेही निरर्थक आहेत. हे तर्कदुष्ट आहे. क्रोसीनने ताप उतरतो म्हणून शरीरात क्रोसीन कमी पडले होते असे होत नाही, आणि तसे होत नाही म्हणून क्रोसीन खोटे ठरत नाही. ५२२ चाचण्या एकत्र करून २१ औषधांची तुलना करणारा अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला, प्रौढ रुग्णांत ती सर्व औषधे नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक गुणकारी ठरली. गुण सर्वांना सारखा येत नाही आणि तो जादूसारखा तर नसतोच. दोन-चार आठवडे जावे लागतात आणि बरे वाटू लागल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावे लागते. ज्याला पूर्वी कधी अतिउत्साहाचे, अल्प झोपेचे, उधळपट्टीचे झटके येऊन गेले असतील त्याने ते डॉक्टरला आवर्जून सांगावे. तो आजार वेगळा असतो आणि त्याचे औषधही.

आनुवंशिकतेचा वाटा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो साधारण ३५ ते ४० टक्के धरला जातो. म्हणजे उरलेला मोठा वाटा जगण्यातला आहे. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या दोघांनी दक्षिण लंडनमधील कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ साली ग्रंथ लिहिला. आघात तर पुष्कळ जणींवर झाले होते. पण जिला मन मोकळे करण्यास जवळचे माणूस नव्हते, जिच्या घरात तीन किंवा अधिक लहान मुले होती, जिला घराबाहेर काम नव्हते, जिची आई तिच्या वयाच्या अकरा वर्षांपूर्वी गेली होती, ती आघाताने अधिक सहज कोलमडली. आपल्या जवळचा दाखला गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील बाळंतिणींचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रस्त आढळल्या. गरिबी आणि पती-पत्नींचे बिघडलेले संबंध यांनी धोका वाढत होता. आणि झालेले मूल मुलगी आहे की मुलगा, यावरही तो धोका अवलंबून होता. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणे निराळे. ते आपोआप जाते. पण ‘बाळंतिणीच्या अंगात वारे शिरले’ म्हणून महिनोन्‌महिने कानाला कापूस लावून बसवलेल्या किती जणींचे दुःख खरे तर या अभ्यासातल्या स्त्रियांचे दुःख होते, हे कोणी मोजलेले नाही.

सारांश, कारण एक नसते. असे असताना आपली सारी सार्वजनिक चर्चा एक कारण शोधण्यासाठी धडपडते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व राज्यांत अधिक, २२,७४६ इतका होता. त्या अहवालात कारणांचे रकाने आहेत : कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, आणि पुढे परीक्षेतील अपयश, कर्ज, प्रेमप्रकरण. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने एका दुःखद दुपारी भरलेला हा रकाना असतो. परीक्षेत नापास झालेली लाखो मुले पुन्हा परीक्षेला बसतात. ज्याने तसे केले नाही त्याला निकालाच्या आधी दोन महिने झोप येत होती का, हे विचारायला त्या तक्त्यात जागा नाही. वर्तमानपत्रेही, या पानासकट, तोच रकाना मथळ्यात छापतात.

येथे एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. प्रत्येक दुःखाला आजार म्हटले तर माणसाच्या वाट्याचा शोकही डॉक्टरांच्या हवाली होईल, असे पुष्कळ विचारी माणसांना वाटते. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेत यावर मोठा वाद झाला आहे. त्यांच्या निदानपुस्तकाच्या १९८० च्या आवृत्तीत जवळचे माणूस गेलेल्यांना या निदानातून साधारणपणे वगळले होते. १९९४ साली ती सवलत दोन महिन्यांपुरती ठेवली. २०१३ साली ती काढून टाकली. टीकाकार म्हणाले, आता सुतकातही गोळ्या देणार. पण बदलामागचा युक्तिवाद साधा होता. नोकरी गेल्याने, घटस्फोटाने, दिवाळे निघाल्याने आलेल्या नैराश्याला आपण आजार मानतो, मग मृत्यूने आलेल्याला केवळ कारण दिसते म्हणून का वगळावे? शोक आणि आजार यांतला फरक कारणावरून कळत नाही, स्वरूपावरून कळतो. शोक लाटांनी येतो. मधल्या वेळात गेलेल्या माणसाची एखादी आठवण निघून हसूही फुटते, आणि शोक करणाऱ्याला स्वतःची किंमत शून्य झाली असे वाटत नाही. नैराश्यात लाट ओसरत नाही, आणि तिच्या तळाशी ‘मीच वाईट’ हा गाळ साचत जातो. हा फरक शेजारणीलाही कळू शकतो. कळला तर ‘प्रसंगच तसा आहे’ म्हणून ती थांबणार नाही.

कोणी म्हणेल, गीतेची सुरुवातच विषादाने होते, मग धीराचे चार शब्द का पुरू नयेत? उपदेश करणाऱ्यांना गीता फार आवडते. ते एवढे विसरतात की अर्जुनाला अठरा अध्याय मिळाले, मध्ये प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, आणि सांगणारा रथ सोडून गेला नाही. आपले उपदेशक जिन्यात भेटून ‘पॉझिटिव्ह राहा’ असे सांगतात आणि भाजी आणायला जातात.

ऐकून घेण्याचे काम शास्त्रशुद्ध रीतीने करता येते आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्याला मनोविकारतज्ज्ञ मिळेपर्यंत थांबावे लागत नाही, हेही गोव्यानेच दाखवले आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ या संस्थेने प्रशिक्षित केलेल्या साध्या समुपदेशकांनी, म्हणजे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांनी, मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. उपचाराचा गाभा असा की सुटलेली छोटी कामे, भेटीगाठी, फिरणे यांपैकी एकेक रुग्णाने पुन्हा ठरवून सुरू करायचे. मन लागेल तेव्हा करीन असे न म्हणता. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. ज्यांना या बैठका मिळाल्या नाहीत त्यांच्यातले ३९ टक्के. अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत याच धर्तीचा जो प्रयोग झाला त्यात नैराश्यासाठी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ‘आपल्या लोकांना हे पटत नाही’ ही सबब विदर्भातल्या खेडुतांनी खोटी ठरवली आहे. शहरातल्या पांढरपेशांविषयी मात्र तसे खात्रीने म्हणता येत नाही.

कारण त्याची भीती निराळी आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे, असे तो सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवतो. आणि तो प्रयत्न हा जुन्या दंडसंहितेतला गुन्हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत सरसकट गुन्हा म्हणून उरलेला नाही. हे सारे झाले तरी वैद्यकीय रजेचा दाखला घेताना सुशिक्षित कर्मचारी आजही डॉक्टरला विनवतो, ‘साहेब, कंबरदुखी लिहा.’ डॉक्टरही लिहितात. दाखल्यावर खरे नाव आले तर पदोन्नतीच्या वेळी ते निघेल, मुलीच्या सोयरिकीत निघेल, हा हिशेब निराधार आहे असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? तो हिशेब खोटा ठरवणे त्याच्या हाती नाही. ते त्याच्या मुख्याध्यापकाच्या, कार्यालयप्रमुखाच्या आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या हाती आहे.

या सहकाऱ्यासाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. खचलेल्या माणसाला ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारले तर तो विचार आपणच त्याच्या डोक्यात घालू, ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने आत्महत्या वाढत नाही. पुष्कळदा कोणीतरी विचारले म्हणूनच माणूस बोलता होतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीच्या सूचनाफलकावर, पगारपत्रकाच्या शेजारी, तो चिकटवण्यासाठी वरून परिपत्रक येण्याची वाट पाहावी लागत नाही.